बर्फावरचे बूट आणि घरातली काटकसर

आपल्या घरांत ईदचे बूट घेताना पायाचा कमी आणि पुढच्या वर्षाचा विचार जास्त होतो. एक नंबर मोठा घ्यायचा, पुढे कापसाचा बोळा भरायचा, आणि थोरल्याचे झाले की तोच जोड धाकट्याला. आमच्या आष्टीत, म्हणजे बीडच्या नव्हे, जालना जिल्ह्यातल्या परतूर तालुक्यातल्या आष्टीत, कापसाला तोटा नाही. त्यामुळे ही रीत इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिच्यात लाजण्यासारखे काही नाही. इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, आपल्या दीनला पसंत नाही. पण एक बूट असा आहे की तिथे ही काटकसर गुडघ्याशी येते. तो म्हणजे बर्फावर स्कीइंग करण्याचा बूट.

आष्टीच्या काळ्या मातीत बर्फाचे काय काम, असे वाचक विचारतील. पण आता मराठवाड्यातून दर हिवाळ्यात कितीतरी कुटुंबे काश्मीरला जातात. गुलमर्गला पोहोचले की मुले स्कीचा हट्ट धरतात. आमची थोरली लेक इंजिनिअरिंगला आहे. मागच्या जानेवारीत आम्ही सगळे गेलो तेव्हा ती तीन दिवस स्की शिकली आणि तिला गोडी लागली. या हिवाळ्यात तिला तिथल्या भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्थेच्या शिबिराला जायचे आहे. ही केंद्र सरकारच्या पर्यटन खात्याची संस्था १९६८ सालापासून तिथे आहे. शिबिरात साहित्य मिळते, पण लेकीला बूट स्वतःचे हवेत. नव्या जोडीला कुर्बानीच्या बऱ्या बोकडाहून कमी पैसे लागत नाहीत. त्यामुळे घरात महिनाभर याच एका विषयावर मसलत चालली आहे.

दादींचे म्हणणे सरळ आहे. "घ्यायचेच तर दोन नंबर मोठे घ्या. पोरीचे झाले की पोराला होतील." धाकटा चौदा वर्षांचा आहे, त्याचा पाय अजून वाढतो आहे. एरवी आम्ही दादींचा शब्द मोडत नाही. या वेळी मात्र मागच्या वर्षी डोळ्यांनी पाहिलेले आठवले.

पहिल्या दिवशी भाड्याच्या दुकानात गर्दी होती. माणसाने चपलेचा नंबर विचारला, फळीवरचा एक जोड काढून दिला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. लेकीने पाय घातला, तिला तो आरामशीर वाटला. बर्फावर मात्र दिवसभर तिची टाच बुटात वर उचलली जात होती. पाय वळायचा, पण स्की वळायच्या नाहीत. उतारावर बोटे पुढे आपटायची. बूट हलू नये म्हणून तिने बकल गच्च आवळले, तर पाय बधिर होऊन गारठला. संध्याकाळी अंगठ्याचे नख काळे पडले होते आणि ती म्हणत होती, "अम्मी, मला हे जमणार नाही."

दुसऱ्या दिवशी शिकवणाऱ्या काश्मिरी उस्तादांनी आधी तिचे पाय पाहिले. आमच्या दखनीतले "हौ" आणि "नक्को" ऐकून ते हसले, पण बुटाबाबत मात्र गंभीर झाले. "बेटी का बूट दो नंबर बड़ा है," म्हणाले आणि तिला बदलून आणायला लावले. स्की त्याच, उतार तोच, मुलगी तीच. दुपारपर्यंत ती डावीउजवीकडे वळायला लागली होती. त्या दिवशी आम्हाला कळले की स्कीला हुकूम बुटातून जातो. बुटात पाय सैल असेल तर हुकूम वाटेतच हरवतो.

तेव्हा निवड करायची ती आधी बुटाची, मग स्कीची. बुटाची निवड घरूनच सुरू होते. या बुटांना आपला पाच-सहा नंबर लागत नाही. त्यांचे माप पायाच्या लांबीइतके, सरळ सेंटिमीटरमध्ये असते आणि त्याला मोंडो म्हणतात. आम्ही संध्याकाळी, दिवसभर चालून पाय थोडा फुगलेला असताना, शहाबादी फरशीवर कागद ठेवला. लेकीला टाच भिंतीला लावून, पूर्ण भार देऊन उभे केले आणि लांब बोटापुढे खूण केली. दोन्ही पाय मोजायचे, कारण दोन्ही क्वचितच सारखे असतात. तिचा मोठा पाय २४.२ सेंटिमीटर भरला. म्हणजे बूट २४.५ चा. पहिल्या दिवशी तिला मिळाला होता तो २६ चा. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. बहुतेक कंपन्यांचे २४ आणि २४.५ यांचे बाहेरचे कवच एकच असते, फरक आतल्या अस्तराचा किंवा तळव्याचा असतो.

लांबीनंतर रुंदी. आपले पाय चपलेत आणि शेतात अनवाणी वाढलेले, पंजात पसरट. कंपन्या बुटाची रुंदी मिलिमीटरमध्ये देतात. ९८ च्या आसपास अरुंद, १०० मध्यम आणि १०२ च्या वर रुंद. पंजा रुंद आहे म्हणून पुष्कळजण लांबीला मोठा बूट घेतात, आणि तिथेच घोटाळा होतो. रुंद पायाला रुंद बूट हवा, लांब नव्हे.

तिसरा आकडा कडकपणाचा. त्याला फ्लेक्स म्हणतात. जितका आकडा मोठा तितका बूट पुढे वाकायला अवघड. हौसेने शिकणाऱ्या बाईला साधारण ६० ते ८०, पुरुषाला ८० ते १०० पुरतो. वजनदार माणसाला थोडा जास्त लागतो. एका कंपनीचा ८० दुसरीच्या ८० सारखाच असेल असे नाही, आणि थंडीत प्लास्टिक आणखी कडक होते. म्हणून आकड्यापेक्षा गुडघा वाकवून पाहणे खरे. शर्यतीचे कडक बूट घेऊन मिरवणाऱ्या नवशिक्याला वाकताच येत नाही, आणि न वाकता स्की चालवता येत नाही.

दुकानात पारख कशी करायची, हे उस्तादांनी दाखवले होते. आधी आतला मऊ बूट बाहेर काढायचा आणि नुसत्या कवचात पाय घालून बोटे पुढे टेकवायची. टाचेमागे दीड ते दोन सेंटिमीटर, म्हणजे साधारण एक ते दोन बोटे जागा राहिली तर माप बरोबर. मूठ जाईल इतकी जागा असेल तर बूट परत. मग आतला बूट घालून बकल लावायचे. सरळ उभे राहिल्यावर बोटे पुढे हलकी टेकतात. गुडघे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर दाबली की बोटे थोडी मागे सरकतात आणि टाच जागची हलत नाही. सगळीकडून घट्ट धरल्यासारखे वाटले तर ठीक. एकाच जागी टोचले किंवा मुंग्या आल्या तर ठीक नाही. वीस मिनिटे तसेच उभे राहावे. दुकानदाराला वेळ लागतो म्हणून संकोच करू नये. आपल्याकडे, विशेषतः बायामुली, "चालेल, होईल" म्हणून दुखणे गिळतात. शरीराचाही आपल्यावर हक्क आहे, ही आपल्या नबींची (सल्ल.) शिकवण अशा वेळी आठवावी.

मोज्यांबद्दल आमच्या कापसाच्या जिल्ह्याला एक गोष्ट कबूल करायला जड जाते. इथे सुती मोजा कामाचा नाही. तो घाम धरून ओला राहतो आणि पाय गारठवतो. लोकरीचा किंवा सिंथेटिक, पातळ, गुडघ्यापर्यंतचा एकच मोजा घालावा. दोन घातले तर रक्त अडते आणि पाय उलट जास्त गार पडतो. आतल्या पायजम्याची घडी बुटात जाऊ देऊ नये, नडगीला वळ उठतात.

आता स्की. लेकीची उंची १५८ सेंटिमीटर. नवशिक्याची स्की हनुवटी ते नाक एवढ्या उंचीची असावी, म्हणजे तिला १४० ते १४५ ची. वजन कमी असेल तर थोडी आखूड, वेग आणि सवय वाढली की थोडी लांब. मधली रुंदी ७५ ते ८५ मिलिमीटर असली की दाबून सारख्या केलेल्या उतारावर ती सहज वळते. शंभराच्या वरच्या रुंद स्की मोकळ्या, खोल बर्फासाठी असतात. गुलमर्गचा गोंडोला सुमारे ३,९५० मीटरवर अफरवतच्या खांद्यापर्यंत जातो आणि जगभरचे पट्टीचे खेळाडू त्या बर्फासाठी येतात. ती नवशिक्यांची जागा नव्हे. रुंद स्की दिसायला रुबाबदार असतात, पण शिकणाऱ्याचे पाय थकवतात.

बूट आणि स्की यांना जोडणारा खटका म्हणजे बाइंडिंग. पडल्यावर तो सुटला पाहिजे, नाहीतर गुडघा पिळवटतो. आणि उगाच सुटला तर माणूस भर वेगात पडतो. तो किती घट्ट ठेवायचा हे वजन, उंची, वय, सराव आणि बुटाच्या तळव्याची लांबी पाहून ठरते. इथे आमच्या एका खालांची गंमत सांगतो. दुकानदाराने वजन विचारले, तर त्यांनी दहा किलो कमी सांगितले. खालूंनी हळूच खरा आकडा कानात सांगितला म्हणून बरे. वजन लपवू नये, आणि "मला येते" अशी बढाईही मारू नये. आधी उंट बांध आणि मग अल्लाहवर भरवसा ठेव, ही शिकवण आपण सगळ्यांनी ऐकली आहे. खटका नीट लावून घेणे म्हणजे तो उंट बांधणेच.

लेकीबाळींच्या पोशाखाची चिंता दादींना होती, ती तिथे गेल्यावर मिटली. या खेळात सगळेच नखशिखांत झाकलेले असतात. हेल्मेटखाली पातळ, अंगाबरोबर बसणारा स्कार्फ असावा. टाचण्या नकोत, मागे गाठ नको, आणि पदर जॅकेटच्या आत खोचलेला हवा, म्हणजे वर ओढणाऱ्या दोरात अडकणार नाही. नमाजचेही जमते. सकाळी वुजू करून निघावे. जोहरला बूट काढले की पायांनाही विसावा मिळतो. चामड्याच्या मोज्यांवर मसहची सवलत मुक्कामी माणसाला एक दिवस-रात्र आणि मुसाफिराला तीन दिवस-रात्र आहे. पण चामड्याचे मोजे स्कीच्या बुटात मावत नाहीत, आणि कापडी मोज्यांबाबत उलेमांत मतभेद आहेत. म्हणून निघण्यापूर्वी आपल्या आलिमांना विचारून घ्यावे.

राहिला दादींचा शेवटचा प्रश्न. आपल्यासारख्यांनी एवढा खर्च करावा का? त्यांना आम्ही आरिफ खानची गोष्ट सांगितली. त्याच्या वडिलांचे गुलमर्गमध्ये स्कीच्या साहित्याचे दुकान. पोरगा चार वर्षांचा असल्यापासून बर्फावर. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये अख्ख्या भारताकडून तो एकटाच उतरला आणि जायंट स्लॅलममध्ये ४५ वा आला. आमची लेक ऑलिंपिकला जाणार नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. तिला फक्त आनंदाने आणि धडधाकट पायांनी शिकायचे आहे.

शेवटी ठरले ते असे. लेकीचा पाय आता वाढायचा नाही, म्हणून बूट तिच्या मापाचे, नवे. जुने स्वस्तात मिळत होते, पण आतला मऊ बूट आधीच्या मालकाच्या पायाचा आकार घेऊन बसलेला असतो. स्की भाड्याच्या. सराव वाढला की लांबी बदलते, मग आजच विकत का घ्याव्यात? भाड्याची वस्तू अमानत आहे. घेताना कडा गंजलेल्या नाहीत ना, खटका उघडतो-मिटतो ना, हे पाहायचे आणि परत करताना पुसून द्यायची. धाकट्यासाठी सगळेच भाड्याचे, त्याचा पाय थांबेपर्यंत. पैसे बुटावर घालायचे आणि स्कीवर वाचवायचे, असा हिशेब मांडल्यावर दादींनी मान डोलावली. मग स्वतःच उठून त्यांनी कपाटातली लोकर काढली. मोजे मात्र पातळच विणा, एवढे आम्ही त्यांना सांगून ठेवले आहे.