तिगावची पट्टी आणि परदेशचा बट्टा

नागपूरहून इटारसीकडे निघालेली गाडी काटोल आणि नरखेड मागे टाकून पांढुर्ण्याला पोहोचते, तेव्हा महाराष्ट्राची हद्द आपण नेमकी कोठे ओलांडली याची प्रवाशाला बहुधा दखलही नसते. कानावर येणारी बोली तीच, शेतातली कपाशी तीच आणि रुळांच्या दोहो बाजूंना दिसणाऱ्या संत्र्यांच्या बागाही त्याच. पांढुर्ण्याच्या पुढे तिगावचे स्थानक लागते. येथून पुढे चिचोंड्याच्या दिशेने रेल्वेला घाट चढावा लागतो आणि तो सरला की गाडी सातपुड्याच्या पठारावर, तापीचा उगम जेथे मानतात त्या मुलताईला येते. तिगाव म्हणजे एका अर्थी सखल मुलुखाचा शेवटचा उंबरठा होय.

राज्यांच्या नकाशात हे गाव आज मध्य प्रदेशात आहे. १९५६ पूर्वी ज्या जुन्या मध्य प्रदेशात ते होते, त्याची राजधानी नागपूरच होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्याकडे गेले आणि छिंदवाडा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला. त्याच जिल्ह्यातले पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके वेगळे काढून २०२३ साली पांढुर्णा जिल्हा करण्यात आला. कारभाराची भाषा हिंदी झाली, पण घरातली मराठी हलली नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवर पांढुर्णा आणि सावरगाव यांची गोटमार होते, तिला लोक नागपूर भागातूनही येतात. सीमा आहे खरी, पण ती बाजाराला आडवी येत नाही. नरखेडहून आलेली शंभराची नोट तिगावात शंभरालाच चालते, तिच्यातून कोणी पैसा कापून घेत नाही.

वाचकहो, ही गोष्ट आज इतकी साधी वाटते की तिच्याकडे आपले लक्षही जात नाही. परंतु आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी ती मुळीच साधी नव्हती. मराठी मुलुखात एके काळी अनेक टाकसाळींचे रुपये चालत आणि त्यांचे वजन व कस सारखा नसे. एका मुलुखातला रुपया दुसऱ्या मुलुखात नेला की सराफ तो पारखून घेई आणि त्यातून काही भाग कापून घेई. या कापणीलाच बट्टा म्हणत. ‘नावाला बट्टा लागणे’ हा आपल्या भाषेतला वाक्प्रचार याच सराफकट्ट्याची आठवण जागवतो. १८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारने एका तोळ्याचा, म्हणजे १८० ग्रेन वजनाचा, एकच रुपया आपल्या मुलुखासाठी ठरवून दिला. तरी संस्थानांतली नाणी त्यानंतरही पुष्कळ वर्षे चालत राहिली. निजामी राज्यातल्या मराठवाड्यात हाली शिक्का चाले आणि इंग्रजी रुपयाला लोक कळदार म्हणत. सहा कळदारांना सात हाली असा त्यांचा हिशेब होता. गोव्यात तर १९६१ पर्यंत पोर्तुगीज चलन होते. तेथे १९५८ साली जुन्या रुपियाच्या जागी एस्कुदो आला, तो एका रुपियाला सहा या दराने. तेव्हा परक्या नाण्याचा भाव विचारणे ही मराठी माणसाला काही नवी विद्या नव्हे. ती जुनीच आहे, फक्त मधल्या काळात तिचा सराव सुटला.

मात्र तिगावच्या शेतकऱ्याने त्याच जातीची एक विद्या आजवर जतन केली आहे. ती म्हणजे पट्टी वाचण्याची. संत्री बाजारात गेली की मालाचा हिशेब ज्या कागदावर येई, त्याला पट्टी म्हणत. वर मालाचा भाव, त्याखाली हमाली, तोलाई, अडत, गाडीभाडे अशा ओळी आणि शेवटी हातात पडणारी रक्कम. कापलेली प्रत्येक रक्कम आपल्या ओळीत उघडी बसलेली असे. शेतकरी रागावला तर त्या ओळीवर बोट ठेवून रागावे. पुढच्या खेपेस तो दुसरा अडत्या पाही, किंवा चार बागाईतदार मिळून एकच गाडी करीत. जी कपात कागदावर दिसते, तिच्याशी भांडता येते. जी कपात भावातच मुरवून टाकलेली असते, ती कोणाच्या नजरेस पडत नाही आणि म्हणूनच ती अधिक खोल कापते. परदेशी गेलेल्या माणसाच्या पैशाचे सारे रहस्य या दोन वाक्यांत सामावले आहे.

समजा, या मुलुखातला एखादा तरुण ओमानमध्ये मस्कतला कामाला गेला. तेथले चलन रियाल असून एका रियालचे हजार भाग होतात. त्या भागाला तेथे बैसा म्हणतात, आणि हा शब्द आपल्या ‘पैशा’चाच भाऊ आहे. यामागे इतिहास आहे. आखातातल्या अनेक राज्यांत पूर्वी भारतीय रुपयाच चालत असे. सोन्याच्या चोरट्या आयातीला आळा बसावा म्हणून १९५९ साली भारताने केवळ त्या प्रदेशासाठी निराळ्या नोटा काढल्या. तो आखाती रुपया होय. १९६१ साली कुवेतने आणि १९६५ साली बहारीनने आपापले दिनार काढले. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन होऊन ४.७६ रुपयांचा डॉलर एकदम ७.५० रुपयांचा झाला, तेव्हा कतार आणि दुबई यांनीही रुपयाची साथ सोडली. ओमानात तो १९७० पर्यंत टिकला. म्हणजे साठ-पासष्ट वर्षांपूर्वी मस्कतला गेलेल्या मराठी माणसाच्या हातात रुपयाच येत असे. आज तेथे जाणाऱ्याला मात्र प्रत्येक व्यवहारात दोन चलनांमधली दरी ओलांडावी लागते, आणि त्या दरीवरच्या पुलाला टोल आहे.

पहिला पगार होईपर्यंत हा तरुण भारतातल्या खात्याचे कार्ड तेथल्या एटीएममध्ये घालतो. येथे प्रथमच सांगावयास हवे की २०२० पासून भारतात नवी कार्डे मुळात देशांतर्गत वापरापुरतीच चालू करून दिली जातात. परदेशातला वापर आपल्या बँकेला सांगून किंवा तिच्या मोबाइल ॲपवर स्वतः सुरू करून घ्यावा लागतो. हे घरून निघण्यापूर्वीच करावे. आता यंत्रातून पैसे आले, तर पट्टी कशी पडते? पहिली ओळ विनिमयाच्या भावाची. हा भाव व्हिसा, मास्टरकार्ड यांसारखी कार्डाची यंत्रणा ठरवते आणि तो बाजारभावाच्या बराच जवळ असतो. दुसरी ओळ आपल्या बँकेच्या वाढाव्याची, म्हणजे विनिमयावर लावलेल्या टक्केवारीची. अनेक बँकांत ती दोन ते साडेतीन टक्के असते. तिसरी ओळ दर वेळच्या ठराविक शुल्काची. चौथी ओळ ते यंत्र ज्या बँकेचे असेल तिच्या आकाराची, हा कोठे असतो, कोठे नसतो. पाचवी ओळ आपल्या बँकेच्या शुल्कांवर पडणाऱ्या अठरा टक्के जीएसटीची.

आकड्यांनी पाहू. वाढावा साडेतीन टक्के आणि दर खेपेचे शुल्क १५० रुपये धरले, आणि त्या तरुणाने वीस हजार रुपयांइतकी रक्कम एकाच खेपेस काढली, तर वाढावा ७०० रुपये, शुल्क १५० आणि दोहोंवरचा कर १५३, असे एकूण १,००३ रुपये जातात. हीच रक्कम त्याने दोन-दोन हजारांनी दहा खेपांत काढली, तर वाढावा तेवढाच राहतो, पण शुल्क १,५०० होते, कर ३९६ होतो आणि एकूण २,५९६ रुपये जातात. पैसे तेच, यंत्र तेच, बँक तीच. फक्त चिल्लर काढण्याच्या सवयीची किंमत जवळजवळ १,६०० रुपये. रेल्वेत घाट चढताना जड गाडीला मागून जोर लावणाऱ्या इंजिनाला ‘बँकर’ म्हणतात. परदेशात भेटणारा बँकर गाडी ढकलतो खरा, पण दर खेपेचे भाडे घेऊनच.

क्रेडिट कार्डाने रोख रक्कम काढणे तर त्याहून महाग. खरेदीच्या रकमेला मिळणारी व्याजमाफीची मुदत रोख रकमेला सहसा मिळत नाही. त्याच दिवसापासून व्याज धावू लागते आणि रोख काढल्याचे शुल्क निराळेच.

यापुढचा सापळा अधिक गोड आहे. यंत्राच्या पडद्यावर प्रश्न येतो, ‘रक्कम आपल्या खात्यावर रुपयांत टाकावी की स्थानिक चलनात?’ परमुलुखात रुपयाचे नाव दिसले की मन सुखावते आणि बोट आपोआप तिकडे जाते. परंतु रुपये निवडताच भाव ठरवण्याचा अधिकार त्या यंत्राच्या मालकाकडे जातो आणि तो आपला भरपूर नफा त्या भावातच मुरवून ठेवतो. शिवाय परदेशातल्या अशा रुपयांतल्या व्यवहारावरही आपल्याकडच्या अनेक बँका निराळे शुल्क आकारतात. म्हणून नियम असा लक्षात ठेवावा, ज्या देशात उभे असाल त्याच देशाचे चलन निवडावे. युरोपीय संघाने एप्रिल २०२० पासून असा दंडक घातला आहे की तेथल्या चलनांच्या व्यवहारात हा वाढावा युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दरापेक्षा किती टक्के अधिक आहे, हे ग्राहकाला आधीच दाखवले पाहिजे. लपलेली कपात ओळीत आणून बसवणे, एवढेच त्या कायद्याने केले.

पगार सुरू झाला की पैशाची दिशा उलटते. आता तो घराकडे येऊ लागतो. २०२२ साली परदेशस्थ भारतीयांनी मायदेशी पाठवलेली रक्कम १११ अब्ज डॉलरांवर गेली, जगात सर्वाधिक. एवढा मोठा ओघ, तेव्हा त्याच्या काठावर दुकानेही पुष्कळ. हिशेबाच्या सोयीसाठी एका परक्या नाण्याचा बाजारभाव १०० रुपये धरू. एक दुकान ९९.५० चा भाव देते आणि १५० रुपये शुल्क घेते. दुसरे ‘शुल्क नाही’ अशी मोठी पाटी लावते आणि ९८ चा भाव देते. पाचशे नाणी पाठवली, तर पहिल्याकडून घरी ४९,६०० रुपये पोहोचतात, दुसऱ्याकडून ४९,०००. फुकट पाठवणाऱ्याने सहाशे रुपये अधिक घेतले. म्हणून शुल्क किती हे विचारू नये, घरी नेमके किती रुपये पोहोचतील हे विचारावे.

आणखी एक काळजी घ्यावी. नोकरीसाठी परदेशी स्थायिक झालेल्याला येथले नेहमीचे बचत खाते तसेच चालवता येत नाही. ते अनिवासी खात्यात, म्हणजे एनआरओमध्ये, बदलावे लागते. परदेशातली कमाई ठेवण्यासाठी एनआरई खाते असते. त्यातली रक्कम व व्याज पुन्हा मोकळेपणी परदेशी नेता येते. सुटीवर आलेल्या माणसाने परदेशी बँकेचे कार्ड पांढुर्ण्याच्या एटीएममध्ये घातले, तर तीच पट्टी उलट्या बाजूने पुन्हा कापली जाईल. त्याऐवजी आधीच येथल्या खात्यात पाठवलेले पैसे येथल्याच कार्डाने काढावेत.

सराफाचा धंदा काही आजचा नाही. येशूच्या काळी जेरुसलेमच्या मंदिराचा कर सोर नगरीच्या चांदीच्या नाण्यात द्यावा लागे. दूरदूरच्या यात्रेकरूंना आपले नाणे बदलून घ्यावेच लागे आणि सराफ त्यावर आपला बट्टा घेत. शुभवर्तमानाच्या मूळ ग्रीक पाठात सराफांना जो शब्द आहे, तोही त्यांच्या या आकारावरूनच पडलेला. अदलाबदल करून देणाऱ्याने श्रमाचा मोबदला घ्यावा, यात गैर काहीच नाही. गाऱ्हाणे आहे ते गरजू माणसाच्या अज्ञानावर घेतलेल्या मोबदल्याचे.

आणि तो गरजू माणूस कोण? उन्हात लोखंड बांधणारा, रात्रपाळीत इस्पितळाच्या दालनात उभी असणारी, महाविद्यालयाची फी भरून महिन्याचा खर्च मोजून काढणारा. त्यांच्या हजार रुपयांमागे घरच्या विहिरीचे खोदकाम असते, धाकट्या बहिणीचे शिक्षण असते, आजारी आईचे औषध असते. कपात शेकडा पाचाची झाली, तर वर्षाच्या बारा महिन्यांतले अठरा दिवस तो माणूस केवळ बट्ट्यासाठी राबला असा त्याचा अर्थ होतो.

यावर उपाय फार विद्वत्तेचा नाही. निघण्यापूर्वी आपल्या बँकेकडून वाढावा आणि शुल्क लेखी मागून घ्यावे. दोन बँकांची तुलना करावी. थोड्या खेपांत पुरेशी रक्कम काढावी, पण ती जपण्याची सोय असेल तेवढीच. पडद्यावर स्थानिक चलन निवडावे. आणि महिन्याअखेर खात्याचा उतारा संत्र्याच्या पट्टीसारखा ओळीओळीने वाचावा. मुलगा परदेशी असेल तर ते काम गावी राहिलेल्या वडिलांनीही करावे. इंग्रजी अक्षरे अडतील, आकडे अडणार नाहीत. ज्या हातांनी आयुष्यभर हमाली आणि तोलाईच्या ओळीवर बोट ठेवले, त्यांना परदेशचा बट्टा ओळखणे मुळीच जड जाणार नाही.