वजा ९९९ चा धडा

एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला मी संगणकाचं प्रात्यक्षिक घेते. आमची मुलं काही सॉफ्टवेअर इंजिनिअर व्हायला आलेली नसतात. पण प्रकल्प म्हटला की प्रत्येकाला पायथनमध्ये शंभर-दोनशे ओळी लिहाव्याच लागतात. त्या कशा सांभाळायच्या हे कुणी शिकवलेलं नसतं. मग पेनड्राइव्हमध्ये 'फायनल', 'नवीन फायनल', 'खरंच फायनल' अशा फायली साठत जातात.

म्हणून सत्राच्या सुरुवातीलाच मी तीन सवयी लावायचा प्रयत्न करते. पहिली, गिट वापरायचं. लिनस टॉरवल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी बनवलेलं हे मोफत साधन. प्रोग्रॅममध्ये काही बदललं की काय बदललं आणि का, ते एका ओळीत लिहून साठवायचं. जुनं जपून राहतं, तारखेसकट. दुसरी सवय चाचणीची. एक छोटं उदाहरण आधी वहीत हाताने सोडवायचं आणि प्रोग्रॅम तेच उत्तर देतो का बघायचं. तिसरी, आपला प्रोग्रॅम शेजारच्याला वाचायला द्यायचा.

मुलं कुरकुर करतात. "मॅडम, प्रोग्रॅम चालतोय ना, मग हे कशाला?" मी म्हणते, प्रयोगवहीत चुकलेलं वाचन आपण खोडतो का? नाही, त्यावर एक रेघ मारतो, खालचं दिसलं पाहिजे. व्हर्निअर हातात घेतल्यावर आधी शून्यत्रुटी बघतो. मग संगणकासमोर बसल्यावर हे सगळं का विसरायचं?

मोठ्या संशोधकांचंही चुकतं, हेही सांगते. २००६ साली अमेरिकेतल्या स्क्रिप्स संशोधन संस्थेतील एका गटाने प्रथिनांच्या रचनेवरचे, 'सायन्स' या नियतकालिकात आलेले तीन शोधनिबंध मागे घेतले. त्यांच्याकडच्याच एका प्रोग्रॅममध्ये चिन्ह उलटं झालं होतं. प्रोग्रॅम 'चालत' होताच की!

हे सगळं मी दरवर्षी सांगत होते. पण मला स्वतःला ते गेल्या वर्षी कळलं.

आमच्या एका विद्यार्थ्याने आपल्या तालुक्यातल्या पर्जन्यमापकाच्या तीस वर्षांच्या रोजच्या नोंदी प्रकल्पाला घेतल्या होत्या. घरची शेती, त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा. आलेखाची रेघ स्पष्ट खाली उतरत होती. पाऊस कमी होत चालला आहे, असा निष्कर्ष. तो घरी सांगूनही झाला होता.

अहवाल बाइंडिंगला द्यायला आठ दिवस उरले असताना त्याच्या वर्गमैत्रिणीने प्रोग्रॅम वाचायला घेतला आणि विचारलं, "अरे, वजा ९९९ चं शून्य का केलंयस?"

हवामानाच्या नोंदींत ज्या दिवशी मोजमाप झालेलं नसतं, तिथे अनेकदा वजा ९९९ असा आकडा भरलेला असतो. त्याचा अर्थ 'माहीत नाही'. शून्य म्हणजे 'पाऊस पडला नाही'. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. मी त्यांना वहीत चार दिवस लिहायला सांगितले: १०, २०, नोंद नाही, ३०. सरासरी यायला हवी २०. प्रोग्रॅमने दिली १५. आणि त्या नोंदवहीत अलीकडच्या दहा-बारा वर्षांतच न नोंदलेले दिवस जास्त होते! म्हणजे आलेखात पावसाइतक्याच नोंदीही घटत होत्या.

हा बदल कधी झाला ते बघायला आम्ही गिटचा इतिहास उघडला. आठ महिन्यांपूर्वीची ओळ सापडली: 'ग्राफ बिघडत होता, मॅडमनी सांगितल्याप्रमाणे वजा ९९९ च्या जागी ० टाकले.'

मॅडम म्हणजे मीच. मला तो दिवसही आठवला. घाईत होते, जाता जाता म्हणाले होते, "शून्य टाक आणि पुढे चल."

तो बिचारा म्हणाला, "मॅडम, चूक माझीच, मी विचार करायला पाहिजे होता." क्षणभर वाटलं, विषय इथेच संपवावा. पण ती ओळ समोर पडद्यावर होती. दुसऱ्या दिवशी वर्गाला सांगितलं की चुकीचा सल्ला माझा होता.

पुढचे आठ दिवस आम्ही तिघं बसलो. ज्या महिन्यात पाचपेक्षा जास्त दिवस नोंद नाही तो महिना गाळायचा, असं ठरवलं आणि ते अहवालात लिहिलं. हा निर्णय संगणक घेत नाही, तो आपणच घ्यायचा असतो. नवा आलेख आला तेव्हा ती उतरती रेघ जवळजवळ सपाट झाली होती. 'पाऊस कमी झाला' असं या नोंदींवरून म्हणता येत नव्हतं. 'झाला नाही' असंही छातीठोकपणे म्हणता येत नव्हतं. मुलगा खट्टू झाला. घरी काय सांगायचं?

सोमवारी परत आला तो हसत. वडील म्हणाले होते, "मग विहीर का आटते, ते शोध की!" हा प्रश्न त्याने अहवालाच्या शेवटच्या परिच्छेदात 'पुढील काम' म्हणून घातला.

शिक्षकमित्रांनो, तुमच्याकडे गिट नसेल, शाळेत संगणकही नसेल, तरी या सवयी साध्या वहीत लावता येतात. काय बदललं, का बदललं, कुणाच्या सांगण्यावरून, एवढं तारखेसह लिहायचं. पालकांनीही मुलाचं उत्तर चुकलं तर रागवण्याआधी एकदा विचारावं, "हे कुठे बदललं, दाखव बरं." कधी कधी बोट आपल्याकडेच येईल. येऊ द्यावं.

त्या विद्यार्थ्याची परवानगी घेऊन ती ओळ मी आता पहिल्याच तासाला पडद्यावर दाखवते. त्यानंतर "मॅडम, हे कशाला?" असं विचारणारे कमी झालेत. "मॅडम, हे तुम्ही सांगताय, पण का?" असं विचारणारे मात्र वाढलेत.