दाताचे रूप आणि नकार

साहित्यकृतीच्या रूपाविषयी आपण वर्गात पुष्कळ बोलतो. काय लिहिले याइतकेच काय गाळले यावर रूप अवलंबून असते, हे विधान मी वर्षानुवर्षे करीत आलो आहे. त्याचा पडताळा उंदराच्या दातांत मिळेल, असे मात्र कधी वाटले नव्हते.

जनुकातील मजकुराची नक्कल होते आणि तिच्यावरून पेशी प्रथिन बनविते. मायक्रोआरएनए हा जेमतेम २२ अक्षरांचा तुकडा स्वतः कोणतेही प्रथिन घडवीत नाही; अशा नकलेला बिलगून तो तिचे वाचन रोखतो किंवा तिला नष्ट करवितो. १९९३ साली एका सूक्ष्म कृमीत तो प्रथम ओळखला गेला. त्या शोधाबद्दल व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकन यांना २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे तुकडे कातरून तयार करणारे डायसर नावाचे प्रथिन असते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदराच्या दाताच्या बाह्यस्तरात डायसरचे जनुक निकामी केले गेले. दात उगवले, पण पटाशीचे दात अनेक झाले, त्यांना फाटे फुटले आणि त्यांवर एनॅमल नव्हते. दाढांवरचे उंचवटे नाहीसे झाले. द्रव्य होते, रूप हरवले होते.

२०१३ च्या एका अभ्यासात याहून सूक्ष्म गोष्ट दिसली. नॉगिन हे प्रथिन वाढीच्या एका संकेताला अडविते; विशिष्ट मायक्रोआरएनए त्या नॉगिनलाच आवर घालतो. अडविणाऱ्याला अडविले, की एनॅमल घडविणाऱ्या पेशी परिपक्व होऊ लागतात. नकाराला दिलेला नकार असा होकार होऊन बसतो.

येथे ‘संपादक’ हा शब्द ओठांवर येतो, आणि येथेच थांबले पाहिजे. संपादकाला संपूर्ण कृती दिसते, तिच्याविषयी त्याचा काही हेतू असतो. या तुकड्याला दात ठाऊकच नाही. आपल्याशी जुळणारी अक्षरे भेटली की तो त्यांना चिकटतो, एवढेच. तरीही दाढ दाढेसारखी होते.

मग कवितेतील संयमाचे सारे श्रेय कवीच्या विवेकाला द्यावे काय? वृत्तात न बसणारा शब्द कवीने गाळण्यापूर्वीच वृत्ताने नाकारलेला असतो. भाषा आणि परंपरा यांचे असे कित्येक नकार कवीच्याही आधीपासून काम करीत असतात. विद्यार्थ्याच्या कवितेवर लाल रेघ ओढण्यापूर्वी, तिने कोणते नकार आधीच पचविले आहेत, हे मी हल्ली शोधू लागलो आहे.