योसेफाचा निर्णय आणि मुरुडचा बहिष्कार

नाताळच्या सुमारास ख्रिस्ती घरांत आणि चर्चच्या आवारात जो गोठा मांडला जातो, त्यात मेंढपाळ, तीन राजे, बैल, गाढव, तारा आणि गव्हाणीतले बाळ अशी सारी मंडळी एकाच छपराखाली येतात. परंतु नव्या करारात, म्हणजे बायबलच्या ख्रिस्ती उत्तरार्धात, असे दृश्य कोठेही आढळत नाही. येशूच्या चरित्राच्या ज्या चार ग्रंथांना शुभवर्तमाने म्हणतात, त्यांपैकी मार्क आणि योहान यांनी जन्माची हकिकत दिलेलीच नाही. मत्तय मागी लोकांविषयी, म्हणजे ताऱ्यांचा अर्थ लावणाऱ्या पूर्वेकडील विद्वानांविषयी सांगतो, पण त्यांची संख्या देत नाही, त्यांना राजे म्हणत नाही, आणि ते येतात ते घरात. लूकच्या कथनात मेंढपाळ व गव्हाणी आहेत, तारा नाही, आणि बैल व गाढव तर दोघांपैकी कोणीच उल्लेखिलेले नाहीत. आजच्या गोठ्याच्या देखाव्याची प्रथा रूढ होण्यामागे संत फ्रान्सिस यांनी 1223 साली इटलीतील ग्रेच्यो गावी मांडलेल्या देखाव्याचा मोठा वाटा आहे.

दोन्ही कथा शेजारी ठेवल्या की अडचणी वाढतात. दोघांच्याही मते हा जन्म हेरोद राजाच्या काळातला. हा राजा सर्वसाधारणपणे इ.स.पू. 4 मध्ये वारला असे मानले जाते. लूक मात्र जन्माची सांगड रोमन सुभेदार क्विरीनियाच्या कारकिर्दीतील नावनिशीशी, म्हणजे रोमन साम्राज्याने करवसुलीसाठी केलेल्या नोंदणीशी घालतो, आणि इतिहासाला ठाऊक असलेली तशी नोंदणी इ.स. 6 मधली आहे. हा मेळ बसवण्यासाठी कोट्या लढवणारा श्रद्धाळू आणि मेळ बसत नाही म्हणून सारी कथाच टाकून देणारा बुद्धिवादी हे वस्तुतः एकाच रीतीने वाचत असतात. दोघांनाही त्या पानावर सरकारी दप्तरातली नोंद हवी असते. प्रौढ श्रद्धा म्हणजे दोन लेखकांना दोन लेखक म्हणून वाचण्याची आणि त्यांच्यातील विसंगती न बुजवता प्रत्येकाला काय सांगायचे आहे हे विचारण्याची तयारी.

असे विचारले की मत्तयाच्या आरंभीचा, देखाव्यात न मावणारा प्रसंग पुढे येतो. वाग्दान, म्हणजे विवाहाइतकाच बंधनकारक असलेला करार, झालेली येशूची आई मरिया सहवासापूर्वीच गर्भवती आहे, आणि अनुवाद या जुन्या धर्मग्रंथानुसार अशा स्त्रीवर व्यभिचाराचा आरोप सिद्ध झाल्यास दगडमाराची शिक्षा सांगितलेली आहे. तिचा वाग्दत्त वर योसेफ नीतिमान असल्याने तो तिची बेअब्रू न करता गुपचूप सोडून देण्याचे ठरवतो. सज्जन माणसाला समाजाने मोकळी ठेवलेली ही पळवाट होती, आणि मरियेचा स्वीकार करण्याचा स्वप्नातल्या दूताचा आदेश ती बंद करतो. मत्तयाने त्याआधी दिलेल्या वंशावळीत तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको या चार स्त्रिया आहेत, ज्यांच्या नावाभोवती लोकापवाद किंवा परकेपण चिकटलेले होते. हा योगायोग मानणे कठीण आहे.

या प्रसंगाचे वजन दापोली तालुक्यातील मुरुड या समुद्रकाठच्या गावाच्या इतिहासावरून चांगले ताडता येते. येथे लहानाचे मोठे झालेले धोंडो केशव कर्वे यांनी मार्च 1893 मध्ये पुण्यात गोदूबाई या बालविधवेशी विवाह केला, तेव्हा मुरुडच्या ब्रह्मवृंदाने त्यांच्यावर बहिष्कार घातला आणि त्याची झळ गावातल्या आप्तांनाही पोहोचली. पुनर्विवाहाला तत्त्वतः मान्यता देणारे विद्वान तेव्हा अनेक होते. न्यायमूर्ती रानडे यांच्यासारखा थोर आणि प्रामाणिक सुधारकही 1873 साली, पहिल्या पत्नीच्या निधनानंतर, वडिलांच्या आग्रहाला मान देऊन विधवेऐवजी अल्पवयीन कुमारिकेशी विवाहबद्ध झाला होता. रानड्यांना याबद्दल दूषण देणे सोपे आहे; परंतु योसेफाची पळवाट किती सभ्य आणि किती समजण्याजोगी होती, हेच त्यातून कळते.

हे साम्य ताणू नये. कर्वे ख्रिस्ती नव्हते. स्कॉटिश मिशनऱ्यांनी 1823 पासून जवळच्या बाणकोट परिसरात काम आरंभले होते खरे, पण त्यांच्या उपदेशाशी या विवाहाचा संबंध जोडता येत नाही. एक धागा तेवढा आहे, आणि तो पुण्यातून येतो. गोदूबाई ज्या शारदा सदनात शिकल्या, ते 1889 मध्ये स्थापणाऱ्या पंडिता रमाबाई 1883 साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या होत्या, आणि पुढे त्यांनी समग्र बायबलचे मराठी भाषांतरही केले. वैधव्याला पाप न मानता शिक्षणाची वाट खुली करणाऱ्या त्या घरातून आलेली स्त्री मुरुडच्या वेशीवर उभी राहते, तेव्हा गावापुढचा प्रश्न धर्मांतराचा नसतो. आपल्या पंक्तीला कोण बसेल, हा प्रश्न मात्र असतो, आणि तो येशूच्या जन्मगावाला, बेथलेहेमलाही अपरिचित नव्हता.

मत्तयाच्या कथेत मात्र एक उणीव राहते. तिच्यात मरिया एक शब्दही बोलत नाही. स्वप्ने, निर्णय आणि नाव ठेवण्याचा अधिकार सारे योसेफाकडे आहे. लूककडे ती प्रश्न विचारते, होकार देते आणि बलवानांना आसनांवरून खाली खेचणाऱ्या व भुकेल्यांना तृप्त करणाऱ्या देवाचे स्तोत्र गाते, तर योसेफ गप्प आहे. कर्व्यांचे ‘आत्मवृत्त’ 1915 साली आले. गोदूबाईंनी, म्हणजे आनंदीबाई कर्वे यांनी, आपली कहाणी ‘माझे पुराण’मध्ये स्वतंत्रपणे सांगितली आहे. एकाच संसाराची ही दोन पुस्तके एकत्र कालवून त्यांतून तिसरे, अडचण नसलेले पुस्तक तयार करावे असे कोणाही जाणत्या वाचकाला वाटत नाही, आणि त्यांच्यात तपशिलाचा फरक सापडला म्हणून विवाह झालाच नाही असेही तो म्हणत नाही. मत्तय आणि लूक यांच्या वाट्याला असे वाचक फार उशिरा आले, आणि चर्चमधल्या प्रवचनांत तर ते अजूनही मोजकेच आहेत.