नकारपत्राचे वाचन

मराठीच्या एम.ए.ला विमा कंपन्यांची पत्रे वाचायला कोणी शिकवत नाही. आम्ही दोघेही गेली अठरा वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवतो. नातेवाइकांच्या दृष्टीने 'शिकलेली माणसे' आम्हीच, त्यामुळे कुटुंबात कुठलाही सरकारी-निमसरकारी कागद आला की तो फिरत फिरत आमच्या टेबलावर येतो. २०२४ च्या ऑक्टोबरात बापूने असाच एक कागद आणला. बापू म्हणजे आमच्यापैकी एकाचा चुलतभाऊ व दुसरीचा दीर.

बापू लासलगावहून कांदा भरून वाशीच्या बाजारात पोहोचवतो. ट्रक लहान, स्वतःचा, कर्जावर घेतलेला, चालकही तोच. ऑगस्टच्या पावसात कसारा घाट उतरताना वळणावर बंद पडलेला कंटेनर चुकवण्याच्या धडपडीत त्याची गाडी डोंगराकडच्या कातळावर आदळली. केबिन चेपली, बापूचे मनगट मोडले. सुदैवाने दुसऱ्या कोणाला इजा झाली नाही. गॅरेजवाल्याने दुरुस्तीचा अंदाज ३ लाख ८० हजारांचा दिला, आणि गाडी उभी असली तरी कर्जाचे हप्ते काही उभे राहत नाहीत.

कंपनीचे पत्र इंग्रजीत, जेमतेम अकरा ओळींचे होते. चालकाकडे 'हलके मोटार वाहन' चालवण्याचा परवाना आहे, परंतु त्यावर 'परिवहन वाहना'ची नोंद नाही. सबब परवाना वैध व परिणामकारक नाही. या मुद्द्यावरील २०१७ चा निकाल घटनापीठापुढे विचाराधीन आहे. सबब दावा नाकारण्यात येत आहे. हे शेवटचे वाक्य आम्ही बराच वेळ पाहत होतो. वर्गात कर्मणी प्रयोग शिकवताना आम्ही कर्त्याच्या लोपाची उदाहरणे शोधत असतो. याहून चांगले उदाहरण आम्हांस अद्याप सापडलेले नाही. कोण नाकारतो आहे? कोणीच नाही. नकार जणू पावसासारखा आपोआप पडतो आहे. काकूंनी पत्राचा अर्थ ऐकला आणि म्हणाल्या, "कोर्टानंच नाही म्हटलं, आता कुठं दाद मागायची?" पत्राचा खरा पराक्रम हाच, की एका पक्षाचे म्हणणे दुसऱ्या पक्षाच्या घरात निकाल म्हणून वाचले गेले. विमा, दावा, परवाना हे तिन्ही शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतून आले, आणि दरबाराची जरब अजून त्यांच्या अंगावर आहे, असे आमचे एक निरीक्षण. असो.

मग आम्ही, आम्हांला येणारी एकच गोष्ट केली. मूळ पाठ काढून वाचला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील 'हलके मोटार वाहन' या संज्ञेची व्याख्याच मुळी 'परिवहन वाहन' या शब्दांनी सुरू होते. अट एवढीच, की भारासहित वजन ७,५०० किलोंपेक्षा अधिक नसावे. बापूच्या नोंदणीपुस्तकात ते ७,४९० किलो होते. गोंधळ आहे तो १९९४ च्या दुरुस्तीने परवान्यांच्या वर्गवारीत 'परिवहन वाहन' हा स्वतंत्र वर्ग आणला त्यामुळे. एकाच ग्रंथातील दोन कलमे एकमेकांना छेद देतात, तेव्हा कोणते प्रमाण मानावे, हा प्रश्न संहिताचिकित्सेच्या विद्यार्थ्यास अपरिचित नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये व्याख्येच्या बाजूने कौल दिला होता, आणि तो पुनर्विचारार्थ पाठवला गेला म्हणून रद्द होत नव्हता. कंपनीच्या पत्रात 'विचाराधीन' हा शब्द 'अमान्य' या अर्थाने वापरला होता, एवढेच.

उत्तर बापूने आधीच लिहून आणले होते. तीन ताव. त्यात कांद्याचा भाव होता, मुलीची बारावी होती, नियमित भरलेल्या हप्त्यांचा अभिमान होता, आणि "मी दारू पीत नाही" हे वाक्य दोनदा होते. इतके खरे गद्य आमच्या वाचनात क्वचित येते. आम्ही त्यातले काहीही ठेवले नाही. एका पानाचे पत्र तयार झाले: पॉलिसीचा क्रमांक, अपघाताची तारीख, वजन, व्याख्येचे कलम, २०१७ चा निकाल, आणि दावा नाकारण्याचा आधार असलेली पॉलिसीतील अट शब्दशः कळवावी ही मागणी. बापूने ते वाचले आणि विचारले, "वहिनी, यात मी कुठाय?" आयुष्यभर करुणरसाची महती सांगणाऱ्या आम्हांकडे या प्रश्नाला सोयीचे उत्तर नव्हते. तो नाही म्हणूनच पत्र वाचले जाईल, असे सांगितले. त्याला ते पटले नाही. पण सही केली.

पत्र गेल्यावर काही दिवसांतच, ६ नोव्हेंबर २०२४ रोजी, सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने २०१७ चा निकाल कायम केला. न्यायमूर्ती हृषिकेश रॉय यांनी लिहिलेल्या या निर्णयात, अशा परवानाधारकांमुळे अपघात वाढल्याची कोणतीही आकडेवारी पुढे आलेली नाही, असेही नमूद आहे. कंपनीने मात्र कळवले की अपघात निकालाच्या आधीचा आहे. सबब.

मग विमा लोकपाल. येथे शुल्क नाही, वकील लागत नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असावी आणि नकारापासून वर्षाच्या आत यावे, एवढेच पाहतात. दावा मान्य झाल्यास तो निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो. एप्रिल २०२५ मध्ये पडद्यावर सुनावणी झाली. बापू इस्त्रीचा सदरा घालून, प्लॅस्टर निघालेला हात टेबलावर ठेवून बसला होता. कंपनीच्या प्रतिनिधीने पत्रातलेच वाक्य वाचून दाखवले. ते उच्चारताना त्याला कर्ता घ्यावा लागला, "आम्ही नाकारला". आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. लोकपालांनी बापूला, अपघात कसा झाला, एवढेच विचारले. तो अकरा मिनिटे बोलला. दारूचे वाक्य एकदाच आले.

मे महिन्यात २ लाख ६५ हजार मंजूर झाले. रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांवर निम्मा घसारा, काचेवर मुळीच नाही. टायर, दिवे आणि बंपर यांसाठी वेगळा हप्ता भरून संरक्षण घ्यावे लागते, ते बापूच्या पॉलिसीत नव्हते. कांदा तर वाहनाच्या विम्यात येतच नाही. दुरुस्ती त्याने जानेवारीतच पतसंस्थेकडून कर्ज काढून करून घेतली होती. आलेली रक्कम थेट तिकडे गेली. बापू पुन्हा घाट उतरतो आहे. त्याचे तीन ताव आमच्याकडेच आहेत. मागच्या महिन्यात त्याने ते परत मागितले, आम्ही झेरॉक्स काढून ठेवली आणि मूळ प्रत दिली.