गोंदवल्याची पंगत

कर्जाचा हप्ता, आईची औषधं, मुलीची फी. अंथरुणाला पाठ टेकली की हे आकडे उठून बसतात. त्यात आम्ही सांगलीकर, आम्हाला पाण्याचाही धसका. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांपर्यंत चढली, तेव्हापासून धान्याचे डबे मी खाली ठेवतच नाही.

आज विटा-मायणी करत गोंदवल्याला जाऊन आले. महाराजांच्या मंदिरातल्या प्रसादाच्या पंगतीत शेजारी एक म्हातारे वारकरी होते. भातात आळं करून आमटीची वाट बघत निवांत बसलेले. आमटी येणारच, याची त्यांना खात्री. मी मात्र वाढपी आपल्यापर्यंत येतोय ना, हेच बघत होते!

पाऊस ज्या माण तालुक्याला कायम चुकवतो, तिथं रोज ही पंगत उठते. 1876-77 च्या दुष्काळात गोंदवलेकर महाराजांनी लोकांना आपल्या शेतावर काम दिलं आणि जेवू घातलं, असं त्यांच्या चरित्रात आहे. मला यातलं ‘काम दिलं’ फार महत्त्वाचं वाटतं. सगळा भार रामावर टाकलेला हा माणूस, पण लोकांच्या हातात कुदळ-पाटी दिली. ‘देव देईल’ म्हणत ओट्यावर बसून राहणारे मला कधीच पटले नाहीत.

पाच तारखेचा हप्ता आहेच, तो भरायचा. पुढच्या महिन्याचा आज मोजायचा नाही, असं ठरवलंय. जमतंय का बघू. औषधं मात्र उद्याच आणायला हवीत.