हात कुणाचा?

संपादकांना जुन्या पत्रांच्या सौंदर्यावर लेख हवा होता. पण फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलंच, "शिवाजी महाराजांचं अक्षर कसं होतं हो?" मोडी लिपी वाचणाऱ्याची या प्रश्नापासून लग्नाच्या पंगतीतही सुटका नाही.

सगळ्या अभ्यासकांनी मान्य केलेलं महाराजांचं हस्ताक्षर अजून मिळालेलं नाही. इतिहासकार ग्रँट डफने तर १८२६ च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात त्यांना स्वतःचं नावही लिहिता येत नव्हतं असं लिहून ठेवलं. पुढे हस्ताक्षर न सापडणं हाच निरक्षरतेचा पुरावा मानणारेही निघाले. दफ्तराची रीत ठाऊक असती तर हा वाद इतका लांबला नसता. राजा पत्र लिहीत नसे, सांगत असे. लिहिणारा कारकून. माथ्यावर मुद्रा, आणि मजकूर संपला तिथे मर्यादेचा शिक्का, म्हणजे खाली कुणी चार शब्द घुसडायला नकोत. पत्राचा अधिकार शिक्क्यात होता, अक्षरात नव्हता. मग अक्षर नाही म्हणून निरक्षर, हा कुठला न्याय?

अक्षराची कला होती ती त्या बिननावाच्या कारकुनाची. आधी कागदावर आडव्या रेघा ओढून घ्यायच्या, मग बोरूने त्यांना अक्षरं लटकवत जायचं. हात शक्यतो उचलायचा नाही. शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. शब्द कुठे तोडायचा ते वाचणाऱ्याने ठरवायचं. तारखेत हिजरी महिन्याचा चंद्र आणि सुहूर सनाचे अरबी संख्याशब्द... असो, नाहीतर लेखाचा मोडी वर्ग व्हायचा.

पत्रातला जिव्हाळा शोधायचा तर तो लिहिणारा हात बदलतो तिथे.

संभाजी महाराजांनी १६८० मध्ये बाकरे यांना दिलेलं संस्कृत दानपत्र प्रसिद्ध आहे. त्याचा मोठा मजकूर सराईत लेखकाचा. त्याला संमती देणारी ओळ मात्र खुद्द महाराजांच्या हातची मानली जाते. पेशवाईतल्या पत्रांतही कारकुनाच्या घोटीव ओळींखाली कधी एकदम वेगळं, घाईचं अक्षर येतं. धन्याने बोरू स्वतः हातात घेतलेला असतो. का घेतला, हे पत्र सांगत नाही.

छापील प्रतीत यातलं फारसं काही उतरत नाही. इतिहासकार राजवाड्यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड काढले, सरदेसायांनी पेशवे दफ्तरातली निवड ४५ खंडांत छापली. इतिहासावर त्यांचे उपकार आहेत. पण हात पाहायचा तर मूळ कागदच लागतो. पुण्याच्या दफ्तरात असे कोट्यवधी कागद आहेत आणि ते सराईतपणे वाचणारे फार थोडे.

तुमच्या घरी मोडी कागदांचा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, असेल तर कागदांचा क्रम मोडू नका, चिकटपट्टी लावू नका आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका. दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि जाणकाराला दाखवा.